मुळोबाचे डोळे

नम्रताच्या मुळोबाने तिला वाचवलं नाही.

आज वर्ष झालं. वर्षभर हे एकच वाक्य डोक्यात घेऊन फिरतेय. आज लिहून टाकलं.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. नम्रता म्हणजे आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधली, समोरच्या दारातली, बालवाडीपासूनची माझी मैत्रीण. अंधेरीच्या एका ऑफिसात साबण-शाम्पूची पाकिटं डिझाइन करायची आणि सुट्टीच्या दिवशी प्राणी काढायची.
जगात नसलेले प्राणी.

माहुलच्या खाडीवरून आली, की फ्लेमिंगोच्या पायांचा आणि खेकड्याच्या नांग्यांचा एक जण कागदावर उभा. देवनारच्या आभाळात घारी बघितल्या, तर घारीच्या पंखांची म्हैस. जुहूला माझी पाणीपुरी संपेपर्यंत तिने वाळूत बोटाने शंखाच्या पाठीची मांजर काढली होती. ती लाटेने नेली, तर बाईसाहेब अजूनच खूश.

नियम एकच. त्या जागेवर जे जगतं, त्यातूनच प्राणी बनवायचा.
मी एकदा म्हटलं, "ड्रॅगन काढ ना यार, झकास दिसेल."
"मुलुंडला ड्रॅगन काय खाणार गं? वडापाव?"

आणि डोळे सगळ्यात शेवटी. तिचे बाबा गावाला गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, डोळे रंगवायचे, तेच तिच्यात उतरलेलं. बाकीचा प्राणी पूर्ण झाला तरी ती डोळ्यांची जागा कितीतरी दिवस कोरी ठेवायची. म्हणायची, "डोळे काढले की तो बघायला लागतो. मग त्यात काही बदलता येत नाही."

मुळोबा हा तिचा सगळ्यात मोठा. बिल्डिंगच्या मागे, डोंगराकडच्या कंपाउंडच्या भिंतीवर. अंग बिबट्याचं, ठिपक्यांच्या जागी शेवाळ, कान वटवाघळाचे, शेपूट घोरपडीची. पाय तिने काढलेच नाहीत. भिंतीत घुसलेल्या वडाच्या खऱ्या मुळांवरच त्याचं अंग बसवलं.
डोळे तेवढे बाकी होते.

आणि एका सकाळी त्याच्यासमोर नारळ!

आमची निम्मी बिल्डिंग कोकणातली. जागा म्हटली की तिचा राखणदार असणारच, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. त्यात मागच्या डोंगरावरून कधीमधी बिबट्याही येतो. कुणीतरी नारळ ठेवला, कुणीतरी कुंकू लावलं. लोकांनी तिथे कचरा टाकणं बंद केलं. नव्या भाडेकरूंना तर सांगायला लागले, की हा फार जुना आहे.

नम्रता हसून हसून खालीच बसली. "अगं, रंग पण वाळला नाही त्याचा! डोळे पण नाहीत!"
"मग जाऊन सांग ना त्यांना."
"नको. कचरा तरी टाकत नाहीत."

मग तिला डेंग्यू झाला.
आधी साधा ताप वाटला. मग प्लेटलेट्स, मग आयसीयू, मग डॉक्टर आमच्याशी बोलताना खाली बघायला लागले.

एका सकाळी काकी, म्हणजे नम्रताची आई, हॉस्पिटलमधून आंघोळीपुरती घरी आली आणि निघताना नारळ घेऊन तडक मागच्या भिंतीकडे गेली. मी तिच्या मागोमाग.
हा आपल्याच मुलीने काढलाय, हे तिला चांगलं ठाऊक होतं. नम्रता रंगवत होती तेव्हा शिडी तिनेच तर धरली होती.

तरी तिने गाऱ्हाणं घातलं.
"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा, माझ्या चेडवाक बरा कर, म्हाराजा."

गाऱ्हाण्याला मागून कुणीतरी होकार द्यावा लागतो. तिथे मी एकटीच होते. आम्ही बौद्ध, आमच्या घरात नारळ नाही, नवस नाही. मी कधी कुठल्या देवाकडे काही मागितलं नव्हतं.
मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."
अगदी मनापासून म्हटलं.

संध्याकाळी नम्रता गेली.

काकी तेव्हा रडली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "डोळेच नाय तेका. बघतलो कसो?"

काय करू मी या वाक्याचं?
तो भिंतीवरचा रंग आहे, मला कळतं. डास चावला, प्लेटलेट्स पडल्या, ती गेली. तरी त्या भिंतीजवळून जाताना अजून माझं डोकं फिरतं. लोक नारळ ठेवतातच आहेत. पोरांच्या परीक्षा, नोकऱ्या, सगळं त्याला सांगतात. मला ओरडावंसं वाटतं, अरे, जिने त्याला बनवलं तिला तो वाचवू शकला नाही, तो तुमचं काय करणार?

आज सकाळी काकीने दार वाजवलं. हातात नम्रताचा बारीक ब्रश आणि काळ्या रंगाची बाटली.
"डोळे काढ तेचे."
"काकी, मला चित्र येत नाही. आणि आता कशाला गं?"
"माझा जा काय व्हायचा ता झाला. हंय दुसऱ्यांची पोरां आसत गो."

मी ब्रश घेतला. शिडी काकीनेच धरली.

वाकडे आलेत. एक मोठा, एक बारीक. नम्रता असती तर म्हणाली असती, "वाट लावलीस गं माझ्या मुळोबाची." हे केल्यावर थोडं बरं वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटलं.
खाली उतरून बघितलं, तर तो सरळ तुमच्या खिडकीकडे बघत होता, नमू. तिथे कुणी नव्हतं.

श्रद्धांजली वगैरे मला नाही लिहवत.
काढले गं डोळे. आता त्यात काही बदलता येत नाही.