शिक्षा देणारी काकू

गेल्या महिन्यात इंदरगंजच्या चौकात माझी रिक्षा जाममध्ये अडकली होती, तेव्हा मोठ्या दिरांचा फोन आला. "शरयू गेली," एवढंच म्हणाले. शरयूवहिनी माझी मोठी जाऊ. सकाळीच तिनं माझ्या पोह्यांना नावं ठेवली होती, चांगली धडधाकट बाई... रडू आलंच, पण त्याच्याही आधी धास्ती वाटली ती रेवाची. आता ही पोर पुन्हा गप्प होणार.

रेवा माझी मुलगी, चौथीत आहे. पहिलीत असताना घरात अखंड टकळी आणि शाळेत तोंडाला कुलूप. आम्हा ग्वाल्हेरकरांच्या मराठीत अर्धी हिंदी, आणि तिच्या हिंदीत अर्धी मराठी. त्यावर वर्गात कोणीतरी फिदीफिदी हसलं आणि हिनं बोलणंच टाकलं. हिला काही समजतच नाही, असं मॅडमनी मला बोलावून सांगितलं. मी घरी येऊन रडत बसले, तर वहिनी म्हणाली, "रडतेस काय? उद्यापासून शाळेतून आली की माझ्या ताब्यात दे."

नया बाजारातलं आमचं मागचं अंगण ते केवढंसं, एक लिंबू, एक पेरू आणि धुण्याचा दगड. रेवानं काही विचारलं की वहिनी उत्तर म्हणून द्यायची नाही. "विचारलंस ना? मग आता शिक्षा. इथे बस, बघत राहा आणि मला येऊन सांग." नळामागच्या भिंतीवर एक कुंभारीण माशी मातीचं घर बांधत होती. एवढं खपून बांधते, मग त्यात राहत का नाही, या एका प्रश्नापायी रेवानं कितीतरी दुपारी त्या दगडावर काढल्या. शेवटी धावत आली. "काकू, ती आत हिरव्या अळ्या कोंबते आणि दरवाजा बंद करते. घर तिचं नाहीच, तिच्या बाळाचं आहे." वहिनी पोरीइतकीच हरखली, कारण हे तिलाही ठाऊक नव्हतं.

ते सगळं रेवानं वर्गात उभं राहून सांगितलं. मॅडम चकित. घरी कोण शिकवतं विचारल्यावर म्हणाली, "काकू मुझे रोज़ शिक्षा देती हैं।" मॅडमच्या हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, त्यांनी मला कौतुकानं फोन केला. आमच्या घरात मात्र हसून हसून पुरेवाट झाली. वहिनी डोळे पुसत म्हणाली, "दोन्ही खरंच आहे की गं." पुढे गल्लीतली मुलंसुद्धा दाराशी येऊन शिक्षा मागायला लागली.

आणि वहिनी गेल्यावर झालं तेच. रेवा गप्प. शाळेत नाही, घरात नाही, मला जेवायला वाढ म्हणून नाही. दहाव्याला तलावाकाठी पिंड ठेवले, तर कावळा शिवेना. झाडावर दोन-तीन बसले होते, पण खाली येईनात. बायका कुजबुजल्या, जीव रेवात अडकलाय. दिरांनी हात जोडले. "शरयू, रेवाकडे आम्ही बघू. तिला बोलती करू. तू काळजी करू नकोस..." सगळे पिंडांभोवती आणखी सरकले. कावळे जागचे हलले नाहीत.

"काका, तुम्ही बाजूला व्हा ना."

आधी मला कळलंच नाही कोण बोललं. रेवा पुढे आली होती. "तुम्ही सगळे इतके जवळ उभे आहात, तो कसा येईल? त्याला भीती वाटते. आप लोग सब पीछे हटो, उस दूसरे पेड़ तक. आणि बोलू नका."

गुरुजींसकट सगळे निमूट मागे झाले. तीही मागे आली आणि आमच्यावर नजर ठेवून होती. थोड्या वेळानं एक कावळा उतरला, मान वाकडी करून आमच्याकडे बघितलं आणि पिंडाला चोच लावली.

"इच्छा पुरी झाली," गुरुजी म्हणाले.

झाली होतीच, कावळा उतरायच्या आधीच.