पाठ केलेलं शून्य

भूकंपानंतर आम्ही लातूरला दोन वर्षं अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपायचो. उशाशी पेल्यावर पेला रचून ठेवलेला. जमीन हलली की वरचा पडणार. वडिलांचा नियम एकच: ज्याला आधी कळेल त्यानं ओरडायचं. पेला मांजरानं पाडला असला तरी कुणी रागावणार नाही.

तेव्हापासून मला एका जागी स्वस्थ बसवत नाही. पुढं नांदेडच्या एका क्लासमध्ये जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकवायला लागले, तिथंही फेऱ्या मारतच शिकवायचे. कॉम्प्युटर सहा, मुलं साठ, त्यात लोडशेडिंग. म्हणून प्रोग्राम आधी वहीत उतरवायचा, स्वल्पविरामासकट घोकायचा, आणि मशीनवर बसायचं ते थेट परीक्षेला, अशी आमची रीत.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दुपारी लाइट होती, म्हणून नेस्टेड क्लासचा, म्हणजे कोडच्या एका कप्प्यात दुसरा कप्पा असलेला, प्रोग्राम मी पहिल्यांदाच चालवून पाहिला. बाहेरच्या क्लासमध्ये 'टोटल' हे व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायची जागा. आतला क्लास गुणांची बेरीज करून त्यात टाकणार. उत्तर आलं शून्य. पुन्हा चालवला, पुन्हा शून्य. मग दिसलं. आतल्या मेथडमध्ये, म्हणजे बेरीज करणाऱ्या ओळींत, मी 'इंट टोटल' असं नव्यानं लिहून बसले होते. नुसतं 'टोटल' लिहिलं असतं तर बाहेरचंच वापरलं गेलं असतं. 'इंट' म्हणजे आकड्यासाठी नवी जागा करणं; ते लावल्यानं आत त्याच नावाचं दुसरं तयार झालं, सगळी बेरीज त्यात गेली, आणि मेथड संपली तसं तेही संपलं. बाहेरच्याला पत्ताच नाही. चूक माझी, आणि साठ जणांना तोंडपाठ.

क्लासचे मालक म्हणाले, "आता काई सांगू नका मॅडम. पोरं घाबरतील, येतंय ते बी विसरतील." मला ते पटलं नाही, पण सोयीचं वाटलं, हे खरं. मुलं खालच्याच खोलीत घोकत बसली होती. मी तीनदा जिना उतरले आणि तीनदा परत वर आले. साठ जणांसमोर 'मी चुकले' म्हणायची लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

सकाळी परीक्षा केंद्राच्या फाटकाशी मात्र राहवलं नाही. सांगून टाकलं, "आतला इंट लिहू नका." शिरूर अनंतपाळहून आलेली एक मुलगी, वर्गात सगळ्यात पक्की, रडकुंडीला आली. "म्याडम, लई घट्ट पाठ झालंय. आता कसं काढू?"

ती बाहेर आली तेव्हा चेहरा उतरला होता. हात आपोआप चालला आणि इंट लिहून गेला. शून्य आल्यावर घाबरली, चूक सापडेपर्यंत वेळ संपली.

मी समजूत घालायला लागले, तर तिनं विचारलं, "तुमाला कधी कळलं होतं?"

"काल दुपारी."

"आमी खालीच तर बसलो होतो म्याडम. एक आवाज द्यायचा की."

पेला पडलेला सगळ्यात आधी मी पाहिला होता, आणि मी ओरडले नव्हते.