कंदुरीचं बोलावणं

बायको गेल्यानंतरच्या वर्षी माझ्या पायाचा अंगठा सुजून लालभडक झाला. त्यावर चादरही सोसवेना. लातूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, "यूरिक अ‍ॅसिड वाढलंय. मटण, कलेजी, दारू, सगळं बंद."

मुरुडजवळ माझ्या जुन्या मित्राचं शेत आहे. तिथं दरवर्षी नवसाची कंदुरी होते, बोकड कापून गावाला जेवण घालतात. त्या साली मी पंगतीत दही-भाकरी घेऊन बसलो. मित्र कलेजीची वाटी घेऊन आला.

"एवढ्यानं काय होतंय? खा की."

मी नको म्हणालो. तो जरा नाराज झाला, पण शेजारी बसून बराच वेळ बोलत राहिला. कितीतरी दिवसांनी जेवल्यासारखं वाटलं.

यंदा बोलावणं आलंच नाही. कंदुरी झाल्याचं बाजारात कळलं, म्हणून मीच फोन केला.

"तुला काय खायचंच न्हाई," तो म्हणाला. "समोर बसवून उगं तरास कशाला द्यायचा म्हनलं."

"बरं केलंस," म्हणून मी फोन ठेवला.

मला मटण नकोच होतं, पंगतीत बसायचं होतं. नंतर दोनदा त्याचा नंबर काढला. पण या वयात मला जेवायला बोलव म्हणून कसं सांगायचं, ते सुचलं नाही.