व्हर्लिनच्या डब्यातले तुकडे

लुसिलशी लग्न करून व्हर्लिन आमच्या गल्लीत राहायला आला, तेव्हापासून आमच्यात फक्त एक बुटकं कुंपण आहे. वीज कंपनीत तो जमिनीखालच्या केबल जोडायचा. घरी आला की दाराला हात लावण्याआधी फडक्यानं एकेक बोट पुसायचा. बोलणं जेमतेम. आमची वस्ती सगळी पोलिश आणि कॅथलिक, हा नॉर्वेजियन आणि लुथरन. "लग्नात नाचला नाही तो," लुसिलचे वडील सांगायचे, "थंडी वाजल्यासारखा पाय बदलत उभा होता."

या वडिलांना अख्खी गल्ली जाजा म्हणे, म्हणजे आजोबा. जन्मभर खांबांवर चढून तारा ओढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर लेक-जावयाकडेच राहत होते. कान मंदावले होते, जीभ मात्र नाही. जमिनीखालच्या केबलला ते प्लास्टिकचं सॉसेज म्हणत.

सदुसष्ट सालच्या वसंतात कंपनीनं नवी केबल आणली. तिचा एक जोड तापून जळला आणि मुकादमानं व्हर्लिनच्या हाताला दोष दिला. त्यानं वाद घातला नाही. उरलेले तुकडे परवानगीनं घरी आणले आणि दर शनिवारी गॅरेजचं दार ओढून घेऊन तो जोड घालायचा सराव करू लागला.

"आत तांबं नाही," कुंपणाशी त्यानं मला एकदा सांगितलं होतं. "सोडियम आहे. लोण्यासारखं मऊ, प्लास्टिकच्या नळीत भरलेलं. मिठात असतं तेच, पण एकटं. पाण्याचा थेंब लागला की उसळतं. म्हणून तेलाच्या डब्यात ठेवतो."

"जाजांना सांगितलंस?"

"सांगितलं तर हसतील."

"हसू दे की."

त्यानं बोटं पुसली आणि तो आत गेला.

आता आमच्याकडची एक रीत. तारवाले लोक कापलेले तुकडे फेकत नाहीत. परसातल्या लोखंडी पिंपात घालून वरचं आवरण जाळायचं, नळीनं पाणी मारून निववायचं आणि निघालेलं तांबं विकून चर्चच्या सहलीची बिअर आणायची. जाजांनी हे काम निवृत्तीनंतरही सोडलं नव्हतं. कुणी तुकडे दिले नाहीत तर ते शोधून आणत.

त्या शनिवारी लुसिल बहिणीकडे गेली होती आणि व्हर्लिन बाजारात. मी कपडे वाळत घालत होते. पलीकडे जाजांचं पिंप धुमसत होतं, त्यात नवल नव्हतं. पण नेहमी काळा येणारा धूर मध्येच पांढरा झाला. दाट, घशाला झोंबणारा. आणि पिंपाच्या काठावर ज्योत दिसली ती पिवळीधमक.

तो पिवळा मी रोज बघते. बटाट्याचं खारं पाणी उतू जाऊन गॅसवर सांडलं की ज्योत तशीच होते. हातातली चादर गवतात पडली.

"जाजा, मागे व्हा."

त्यांना ऐकू गेलं नाही. ते नळाकडून येत होते. नळ सोडलेला, हातात नळी, आणि तोंडाशी बोट दाबून ते धार लांब उडवायच्या तयारीत. पिंप त्यांच्यापासून चार पावलांवर.

मी कुंपण कसं ओलांडलं मला आठवत नाही. घराच्या कोपऱ्यावरच्या नळापर्यंत जाण्याइतका वेळ नव्हता. गवतात पडलेली नळी मधेच उचलली, दुमडली आणि दोन्ही मुठींत आवळली. जाजांच्या हातातली धार लुळी पडून त्यांच्याच बुटांवर गळली.

त्यांनी नळी झटकली. मग वळून बघितलं.

"लोरेन, माझ्या नळीशी काय भांडण तुझं?"

"पाणी नको. ते तांबं नाही."

"माहीत आहे. हलकं लागलं तेव्हाच ओळखलं, अ‍ॅल्युमिनियम आहे. त्याचेही पैसे येतात. सोड."

"जाजा, ते सोडियम आहे. पाणी पडलं की उडेल, तुमच्या तोंडावर."

"कोण म्हणतं?"

"व्हर्लिन."

"मला नाही म्हणाला कधी."

नळी माझ्या हातात जिवंत जनावरासारखी फुगत होती. सोडून त्यांना ओढावं तर पाणी सुटणार. जाजा हट्टानं पिंपाकडे एक पाऊल सरकले. आतून चुरचुर आवाज आला आणि ज्योत त्यांच्या खांद्याइतकी वर आली.

तेवढ्यात व्हर्लिनची गाडी आली. त्यानं धूर बघितला, दार उघडंच टाकलं आणि पळत येऊन जाजांना मागून कवेत घेऊन गॅरेजपर्यंत ओढत नेलं. मग नळ बंद केला.

"मीठ, आग कोंडायला," तो मला म्हणाला. "तळघरात असेल ना?"

आमच्याकडे पाणी जड, म्हणून ते हलकं करायच्या यंत्रासाठी प्रत्येक घरात मिठाच्या गोण्या असतात. मी हाताला लागली ती, तोंड उघडलेली गोणी ओढत आणली. त्यानं आत हात घातला आणि ती बाजूला सारली.

"ओलसर आहे. बंद गोणी हवी."

दुसरी आणली. ओला रुमाल नाकाला बांधायला गेले तर तोही त्यानं काढून घेतला. मग वाऱ्याकडे पाठ करून फावड्यानं मीठ ओतत राहिला, हळूहळू, काठाकडून आत. पिवळा रंग एकेका फावड्यागणिक बुडत गेला. शेवटी वर पांढरी साय उरली.

वर ढग जमले होते. पिंपावर झाकण, झाकणावर ताडपत्री, ताडपत्रीवर विटा, असं सगळं करून व्हर्लिननं कंपनीला फोन लावला. आम्ही तिघं गॅरेजच्या दारात खुर्च्या टाकून बसलो. भुरभुर पडायला लागली तेव्हा आमचे सहा डोळे त्या ताडपत्रीवर होते.

जाजा म्हणाले, "डब्यावर लिहायचं तरी."

"तुम्ही डब्यावरचं वाचता कधी?"

"नाही. तोंडानं सांगायचं."

"तुम्ही हसला असता."

"हसलो असतो," जाजा म्हणाले. "पण हात लावला नसता."

व्हर्लिननं फडकं काढून बोटं पुसली, एकेक करून. मग उठून फळीवरून तेलाचा डबा आणला. त्यात एक तुकडा उरला होता. तो त्यांच्यासमोर धरून त्यानं टोकाचा चिकटपट्टीचा वेढा दाखवला आणि पितळी मळसूत्र आतल्या मऊ धातूत कसं फिरवत न्यायचं, हवा कशी राहू द्यायची नाही, ते सांगू लागला. मी त्याला एका दमात इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

जाजांनी कान पुढे केला. त्यांचे बूट अजून ओले होते. ते ध्यानात आल्यावर त्यांनी आपण होऊन खुर्ची मागे घेतली.