बाबांचा झेला, माझी नजर

आमच्या घरात माझ्या डोळ्यांचं फार कौतुक होतं. अभ्यासात मी बेताची, स्वयंपाकात त्याहून बेताची. पण आंबा काढायच्या दिवसांत माझ्याशिवाय बाबांचं पान हलत नसे. देवरूखच्या अलीकडे डोंगरउतारावर आमची चाळीसेक कलमं. बाबा फांदीच्या बेचक्यात उभे राहून झेला वर सरकवायचे. झेला म्हणजे टोकाला जाळी आणि पातं बांधलेला लांब बांबू. मी खालून हाका द्यायची, "डावीकडे. अजून वर. पानाआड बघा, दोन हायत."

नुसता आंबा दिसून भागत नाही, तो तयार हवा. देठाजवळचे खांदे वर आलेले, हिरवा रंग जरा निवळलेला. अशा आंब्याला आमच्याकडे चौदा आणे तयार म्हणतात. शेंड्यावरचा आंबा चौदा आणे आहे की बाराच, हे मी सातवीत असल्यापासून जमिनीवरून सांगायची. शेजारच्या बागेतले काका मला एका दिवसापुरती उसनी मागायचे, आणि बाबा द्यायचे नाहीत. त्या सकाळी आठवल्या की अजून चिकाचा वास नाकात येतो.

पुढे बाबांना मोतीबिंदू झाला. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "माझा मोतीबिंदू अजून बारा आण्यावर हाय. चौदा झाला की उतरवू." आई चिडली की ते माझ्याकडे बोट दाखवायचे. "ही हाय ना. हिचे डोळे हायत तोवर मला काय कमी?"

मी तोवर रत्नागिरीत खोली घेऊन कॉलेजात शिकत होते आणि माझे डोळे फोनला चिकटले होते. नोट्स फोनवर येतात, असं मी घरी सांगायची. नोट्स दहा मिनिटं. बाकी दोन-तीन तास कुणाकुणाची लग्नं, कुणाचा मेकअप, कुणाची भांडणं. जेवताना फोन, आंघोळीला पाणी तापेपर्यंत फोन, घरी येताना हेलकावणाऱ्या एसटीतही नाकापासून वीतभर अंतरावर फोन. डोळे चुरचुरायचे, लाल व्हायचे. फळा धूसर दिसायला लागला तशी मी पहिल्या बाकावर जाऊन बसले. सरांना वाटलं, मुलगी सुधारली.

डॉक्टरकडे जायला काय झालं होतं? काहीच नाही. पण चष्मा लावून घरी जायचं म्हणजे माझी घरातली एकुलती एक पत घालवायची. ते मला नको होतं.

शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन घरी गेले, तर बाबा झेला घेऊन तयारच. मी कलमाखाली उभी राहिले आणि वर बघितलं. सगळं एकजीव हिरवं. आंबे होते, पण पान कुठे संपतं आणि आंबा कुठे सुरू होतो ते कळेना. खांदे आणि रंग तर दूरच. "काय गो, हाय काय?" बाबांनी विचारलं. मी अंदाजाने म्हटलं, "हाय. उजवीकडे. तयार हाय." दुपारपर्यंत मी अशीच ठोकून देत राहिले.

घरापुढच्या खळ्यात आल्यावर बाबांनी एक आंबा हातात घेऊन चाचपला, मग दुसरा. त्यांनी पाण्याची बादली मागितली. तयार आंबा पाण्यात बुडतो, कोवळा तरंगतो. त्यांनी एकेक आंबा सोडला. निम्म्याहून जास्त वर आले.

बाबांनी तरंगणारे आंबे एकेक करून बाहेर काढले. मग आईला म्हणाले, "माझीच नजर गेली. पोरगी बरोबर सांगत होती, मीच भलत्याला पातं लावलं. आता मी झाडावर चढू नये."

मी गप्प राहिले. जेवण होईपर्यंत गप्प राहिले, याची मला अजून लाज वाटते. बाबा झेल्याची जाळी सोडून ठेवायला लागले तेव्हा मात्र राहवेना. म्हटलं, "बाबा, चूक तुमची नाय. मलाच दिसत नव्हतं. वर्षभर नाय दिसत."

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी मला जवळ बोलावलं, हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि त्यांच्या त्या दुधाळ डोळ्यांनी माझ्या डोळ्यांत काय बिघडलंय ते शोधायला लागले. त्यांना काहीच दिसत नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी ते हनुवटी सोडेनात.