भिंगरी नाव पडलेलं मशीन

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी मी हिंगोलीतून घरबसल्या काम करत होते. कंपनी व्हिडिओ गेमचं कन्सोल बनवत होती. टीव्हीला जोडायचा, जाड पुस्तकाएवढा काळा डबा, दोन रिमोट आणि आत मराठीत बोलणारे गेम: कबड्डी, पतंग, बैलगाडी शर्यत. माझं काम तपासणीचं. मशीन बाजारात जायच्या आधी ते जमेल तितक्या प्रकारे बिघडवून बघायचं आणि काय बिघडलं ते लिहून कळवायचं. नोकरीला घेताना कंपनीचे मालक म्हणाले होते, "तुम्ही हिंगोलीत राहता तेच आम्हाला हवंय. आमचं गिऱ्हाईक तिथं आहे."

मालक पस्तिशीतले, भरभर बोलणारे. त्याच भेटीत त्यांनी मला परदेशातल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या आपटलेल्या कन्सोलच्या गोष्टी रंगवून सांगितल्या. एका कंपनीने ठरल्या तारखेच्या कितीतरी आधी अचानक मशीन दुकानात आणलं आणि गेम बनवणारेच तयार नव्हते. दुसरीने आधी जाहीर केलं की इंटरनेट कायम लागेल. लोक भडकल्यावर ती अट मागे घेतली, पण तोवर लोकांचं मन दुसऱ्याच मशीनवर बसलं होतं. "मशीन चांगलं होतं हो," ते हळहळून म्हणाले, जणू घरातलंच कुणी गेलंय. मला वाटलं, ज्या माणसाला हे सगळं इतकं पाठ आहे त्याच्या हातून असं काही व्हायचं नाही.

घरी माझं मशीन नीट चालायचं. वडिलांनी माझ्या कामासाठी चांगलं इंटरनेट जोडून घेतलं होतं. पण मला चैन पडेना, म्हणून एका रविवारी मी मशीन पुसून नव्यासारखं कोरं केलं आणि पिशवीत घालून साखऱ्याला, मावशीच्या खेड्यात गेले. मावशीच्या टीव्हीला जोडलं, मोबाईलचं इंटरनेट दिलं. मशीन पहिल्यांदा चालू झालं की आधी कंपनीच्या सर्व्हरवरून गेमचा नवीन माल उतरवून घ्यायचं, तोपर्यंत एकही गेम उघडायचा नाही. पडद्यावर एक पांढरं चक्र फिरायला लागलं. मी मोबाईल खिडकीत ठेवला, मग गच्चीवर नेला, मग परत खिडकीत आणला. चक्र फिरतच होतं. मावशी तिन्ही वेळा हातातलं काम टाकून बघायला आली. चौथ्यांदा म्हणाली, "बाई, हे काय दळून राहिलं का?"

परत आल्यावर मी अहवाल लिहिला. नेट कमकुवत असेल तर मशीन पहिल्या दिवशी चालूच होत नाही. नेटशिवाय निदान दोन-तीन गेम उघडायला हवेत. हे सगळं मी स्पष्ट लिहिलं. पण अहवालाच्या शेवटी एक रकाना असायचा. लाल म्हणजे हे दुरुस्त झाल्याशिवाय मशीन विकू नये. हिरवा म्हणजे विकायला हरकत नाही, दुरुस्ती नंतर करू. माझ्या वरच्या साहेबांनी फोन केला. दसऱ्याला मशीन बाजारात आणायचं ठरलं होतं. आधी दिवाळीनंतर आणायचं होतं, पण दुसरी एक कंपनी तसंच काही आणतेय अशी कुणकुण लागली आणि तारीख अलीकडे ओढली. साहेब म्हणाले, "लाल केलंस तर सगळं थांबेल. तुझ्या एकटीमुळे. विचार कर." मी सगळी दुपार गच्चीत येरझारा घातल्या. आई खालून ओरडली, "काहून फिरून राहिलीस उन्हात?" संध्याकाळी मी हिरवा रंग भरला. मला कुणी धमकावलं नव्हतं. मला फक्त ती एकटी व्हायचं नव्हतं.

हिंगोलीत दसऱ्याचं प्रदर्शन भरतं तिथे आमच्या गावातल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराने या मशीनसाठी स्टॉल घेतला होता. भला मोठा टीव्ही, झेंडूच्या माळा, आणि 'आपल्या मातीतला गेम' असा फलक. मी संध्याकाळी पाचलाच जाऊन उभी राहिले. दुकानदाराने नारळ फोडला, खोक्याची पट्टी सगळ्यांसमोर कापली, मशीन जोडलं. मी त्यांना आदल्या दिवशीच म्हणाले होते की खोकं घरी उघडून आधी चालू करून ठेवा. पण सीलबंद खोकं लोकांपुढे उघडण्यातच खरी मजा, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि कंपनीच्या पत्रकातही तसंच लिहिलेलं होतं.

मैदानात माणसांचा पूर लोटलेला. जो तो मोबाईलवर. नेटची पार दशा झालेली. आणि त्याच वेळी, हे मला नंतर कळलं, सगळ्या महाराष्ट्रात लोकांनी एकदमच मशीन चालू केलं होतं आणि सर्व्हर बसला होता. पडद्यावर चक्र आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हाच गेम सुरू झाला. दुकानदार माइकवरून म्हणाले, "एक मिनिट, एक मिनिट." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मी वाकून वायरी तपासत होते, तपासण्यासारखं त्यात काही नाही हे ठाऊक असून. उठून उभी राहायची हिंमत नव्हती म्हणून तपासत होते.

पुढच्या रांगेत एक शाळकरी मुलगी वडिलांच्या खांद्यावर बसली होती. ती मोठ्याने म्हणाली, "पप्पा, ही तर भिंगरीये. नुसती फिरते." हशा पिकला. मागच्यांनी विचारलं काय झालं, पुढच्यांनी सांगितलं, आणि ते नाव माझ्या डोळ्यांदेखत मैदानभर पसरत गेलं. दुकानदारांनी अर्ध्या तासाने टीव्हीवर सिनेमाची गाणी लावली. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "म्याडम, तुमी घरी जा आता."

पुढचे आठ दिवस मी फोन घेत होते. तक्रारींसाठी माणसं कमी पडली म्हणून तपासणीवाल्यांनाही बसवलं होतं. सोलापूर, लातूर, यवतमाळ. कुणाच्या मुलीचा वाढदिवस होता, कुणी जावयाला पाडव्यासाठी आणलेलं. मी सगळ्यांना एकच वाक्य सांगायचे: "थोड्या वेळाने परत करून पाहा." बोलताना खुर्चीत बसवायचं नाही. घरभर फिरत बोलायचे.

आखाडा बाळापूरला फोन करायचं मात्र मी टाळत होते. तिथे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान असलेले चाचा वडिलांचे जुने दोस्त. वडील कळमनुरीला तहसीलमध्ये कारकून होते तेव्हापासूनची ओळख. कंपनी लहान गावातले विक्रेते शोधत होती तेव्हा मीच त्यांचं नाव सुचवलं होतं आणि सहा मशीन त्यांच्याकडे गेली होती. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे त्यांचे शेजारी, ओळखीचे, रोज दुकानावरून जाणारे. शेवटी नवव्या दिवशी मी फोन लावला आणि माफी मागायला सुरुवात केली.

"ऐक तर बेटा," चाचा म्हणाले. "मी एक बी मशीन इकली न्हाई."

"काहून?"

"एक डबा उघडला, घरी लावला. निस्तं गोल फिरून राहिलं. बाकीचे पाच फडक्याखाली झाकून ठेवले. लोक इचारून राहिले, मी म्हणलं माल बराबर न्हाई अजून, दिवाळीनंतर या."

"कंपनीने तर दसऱ्यालाच विका म्हणून सांगितलं होतं."

"कंपनीला काय, ती पुण्यात. मला सकाळी उठून या लोकांयचंच तोंड पाहणं हाय." मग म्हणाले, "मशीन वाईट न्हाई. मी खोलून पाहिली. आतलं काम साफ हाय. तिला घाईत घराबाहेर काढलं, एवढंच."

दुसऱ्या दिवशी मी एसटीने बाळापूरला गेले. जायच्या आधी कंपनीतल्या एका इंजिनिअर मित्राला फोन केला. गेम बनवणाऱ्यांसाठी मशीनमध्ये एक लपवलेली वाट ठेवलेली असते. रिमोटची दोन बटणं दाबून धरली की मशीन पेनड्राइव्हवरूनही माल घेतं. तो आधी नाही म्हणाला, मग तो माल पाठवून दिला आणि म्हणाला, "मी दिलं असं कुणाला बोलू नकोस." चाचांच्या दुकानात, उघड्या पडलेल्या मिक्सर आणि पंख्यांच्या मधोमध, आम्ही दोघांनी सहाही मशीन एकेक करून तयार केली. नेट नाही, सर्व्हर नाही, वायर जोडली की सरळ कबड्डी. चाचांनी चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "आता हिला आठ दिवस चालू देऊ. मंग पाहू." मी म्हणाले, चाललं की चाचा, आता विका ना. ते म्हणाले, "तुला लई घाई."

ते आठ दिवस मला काढवेनात. मी कंपनीला मोठं पत्र लिहिलं. बाळापूरला काय केलं ते सगळं सांगितलं, मित्राचं नाव तेवढं गाळलं. नेटशिवाय चालेल असा बदल सगळ्या मशीनसाठी ताबडतोब काढा म्हणून विनवलं. बदल निघाला, पण दिवाळी होऊन गेल्यावर.

बाळापूरच्या बाजाराच्या दिवशी चाचांनी दुकानाच्या ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून टीव्ही मांडला. नारळ नाही, माइक नाही. स्वतःच पाट टाकून बसले आणि बैलगाडी शर्यत खेळायला लागले. मी आत उभी होते. एक शेतकरी सायकल धरून थांबला. "चाचा, डावा बैल मागं पडून राहिला." चाचांनी दुसरा रिमोट त्याच्यापुढे केला. "मंग तू हाक." तो हरला, चिडला, पुन्हा बसला. भाजीवाल्या एका बाईने पाटी खाली ठेवली आणि कबड्डी मागितली. ती तिच्या माहेरच्या गावात खरोखरच खेळत असे, आणि तिने लागोपाठ चार जणांना बाद केलं. रस्त्यावर इतकी गर्दी झाली की एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला आणि खिडकीतून बघायला लागला. एकदाही चक्र फिरलं नाही. चाचांनी घरी लावलेलं एक सोडून पाचही मशीन चार दिवसांत गेली. पुढे कळमनुरीहून माणसं विचारत आली.

मला वाटलं, आता सगळं सुधारेल. बदल झालेली मशीन घेऊन मी हिंगोलीच्या त्या दुकानदारांकडे गेले. चालू करून दाखवली. त्यांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "चांगली हाय. पण म्याडम, गिऱ्हाईक दारातनंच विचारतं, ती भिंगरी का? मी कोणाकोणाला सांगू?" एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी मशीन मांडलं. वायर जोडायच्या आधीच मुली एकमेकींना कोपराने ढोसून हातांनी गोल गोल करायला लागल्या. मशीन तेच, गेम तेच. बाळापूर आमच्यापासून बसने दीड तासाच्या आत. तिथे लोक वाट बघत होते आणि इथे हसत होते.

संक्रांतीनंतर मालकांचा फोन आला. पैसा लावणाऱ्यांनी पहिल्या महिन्याचा खप बघून हात काढून घेतला होता. कंपनी बंद होणार. मी बाळापूरचं सांगितलं, भाजीवालीचं सांगितलं, कळमनुरीच्या माणसांचं सांगितलं. ते म्हणाले, "एका गावावर कंपनी चालत नाही." मग मला राहवलं नाही. मी म्हणाले, "सर, साखऱ्याच्या अहवालात मी हिरवा रंग भरला होता. लाल भरायला हवा होता."

ते म्हणाले, "मी तो वाचलाच नव्हता. रंग तेवढा बघितला."

माझ्या मनात इतके दिवस असं होतं की त्यांनी तो वाचला असणार आणि तरीही पुढे गेले असणार. म्हणजे थोडी चूक त्यांची, थोडी माझी. त्या एका वाक्याने ती वाटणी मोडली. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. पण एक गोष्ट त्याच फोनवर मागून घेतली. सर्व्हर बंद करायच्या आधी शेवटचा एक बदल काढू द्या. विकलेली सगळी मशीन कायमची नेटशिवाय चालतील असा. आधीचा बदल घेतलेल्या मशीनलाही अधूनमधून सर्व्हर लागायचाच; तो गेला की दसऱ्याला घेतलेल्यांच्या घरी तो डबा दगड होईल. ते हो म्हणाले. इंजिनिअर मित्राने आणि मी तीन आठवडे बिनपगारी ते काम केलं. ज्यांनी ज्यांनी तक्रारीचा फोन केला होता त्या सगळ्यांना मी पुन्हा फोन लावले. अर्ध्यांनी मशीन परत केलं होतं किंवा माळ्यावर टाकलं होतं. लातूरची एक बाई म्हणाली, "आता कशाला?" आणि तरी तिने नवऱ्याला माळ्यावर चढायला लावलं. मला तिचा श्वास आणि शिडीचा आवाज ऐकू येत होता. गेम उघडल्यावर ती म्हणाली, "अगंबाई, हे इतकं छान होतं?"

"हो," मी म्हणाले आणि पुढचा नंबर लावला.

सर्व्हर बंद झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्या गाडीने बाळापूरला गेले. चाचा दुकान झाडत होते. त्यांच्या घरच्या मशीनची वायर जोडली. कबड्डी उघडली, शिट्टी वाजली आणि गेममधला पंच मराठीत बोलला. चाचा म्हणाले, "झालं ना? आता तरी बस." मी पाटावर बसलेही. तेवढ्यात एक बाई बिघडलेली इस्त्री घेऊन आली, ती मागच्याच आठवड्यात दुरुस्त केली होती म्हणून भांडायला लागली, आणि चाचा तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेत इस्त्री उघडायला बसले.

मला बसवेना, मी उठले. परतीच्या गाडीत अर्ध्या सीट रिकाम्या होत्या. कंडक्टर दोनदा म्हणाला, "ताई, बसा की." कळमनुरी गेली, तरी मी दांडी धरून उभीच होते.