संघपालदादाचे पंचाहत्तर किलो

डिसेंबरात नागपुरात, आमच्या सक्करदऱ्यात एकच बातमी होती. संघपालदादानं म्हणे सदर भागातल्या एका दवाखान्यात पोटाला नळी लावून चरबी काढून घेतली, आणि ती बादलीभर निघाली. बादली निळी होती, इथपर्यंत लोकांना ठाऊक होतं.

खरं एवढंच, की तो सदरला दातांच्या डॉक्टरकडे गेला होता. बॉक्सिंग खेळताना दातांवर बसवतात ते रबरी गार्ड त्याला नवं करून घ्यायचं होतं. चरबी जागच्या जागी होती. अडीच महिन्यांत जेमतेम चार किलो उतरले होते.

हा माझा चुलत भाऊ. शहराच्या संघात पंचाहत्तर किलोच्या गटात खेळायचा. मग हाताचं हाड मोडलं. दोन वर्षं हार्डवेअरच्या दुकानात काउंटरमागे बसला आणि रोज सकाळी तर्री-पोह्याच्या दोन प्लेटा खाल्ल्या. ऑक्टोबरात काट्यावर उभा राहिला तर अठ्ठ्याऐंशी. त्याची जागा पियूषनं घेतली होती. त्याला पहिला ठोसा मारायला दादानंच शिकवलं होतं. एप्रिलच्या शेवटी निवड होती. ती जागा परत मिळवायची, तर तेरा किलो उतरवायचे.

त्यांचे कोच भैयाजी. त्यांच्याकडे उपाय तयार होता. "देख बेटा, आरामात खा. शेवटचे दोन दिवस पानी बंद, अंगात रेनकोट, भर उन्हात दौड. मी स्वतः एका दिवसात चार किलो उतरवले."

ते चार किलो दरवेळी वाढतात. मागच्या वर्षी अडीच होते.

दादा मात्र सुमती मॅडमकडे गेला. त्या आहारतज्ज्ञ. घरी आला तो पोपट होऊन. "हप्त्याले अर्धा किलो, जास्त नाही. उपाशी राहायचं नाही. अंडी, मोड आलेली मटकी, वरण, भाजी, दोन भाकरी. पानी भरपूर. झोप आठ तास." हे तो दारात आलेल्या दूधवाल्यालाही म्हणून दाखवायचा. दूधवाला तेव्हापासून पिशवी फाटकालाच लटकवून जातो.

दादाची हुबेहूब नक्कल करणं हा माझा रोजचा धंदा. मी त्याच्याच आवाजात म्हटलं, "दादा, शेवटी शेवटी तू रेनकोट घालशीलच."

"नाही घालनार."

"लाव शर्त."

"लाव. मी घातला तर क्लबात सगळ्यांसमोर माझी नक्कल कर. नाही घातला, तर महिनाभर माझी नक्कल बंद."

मी लगेच टाळी दिली.

जानेवारीत वजन ब्याऐंशीवर अडकलं. एक हप्ता, दोन, तीन. काटा हलेना. दादा काटा बदलून आला, तरी ब्याऐंशी. मला कारण माहीत होतं. त्याची आई, म्हणजे माझी मोठीआई कौसल्या, रोज त्याच्या वरणात गुपचूप दोन पळ्या तूप सोडत होती. मी स्वयंपाकघरात उभी राहून पाहिलं होतं आणि गप्प बसले होते. शर्त शर्त असते.

पण नागपूरच्या थंडीनं घात केला. दुकानात दादानं डबा उघडला, तर वरणावर तुपाचा पांढरा पापुद्रा गोठलेला. डबा घेऊन तो तसाच घरी आला.

"माय, हे काय हाय?"

"वरण."

"वरणावर काय हाय?"

"गालफडं पाह्य तुह्ये. शेजारची इंदुताई मले विचारून राहिली, पोराले काही बिमारी लागली काय म्हणून. काय सांगू मी तिले?"

दादानं मोठीआईला सरळ खांद्यावर उचललं आणि गल्लीच्या टोकापर्यंत पळत जाऊन परत आला.

"आता सांग, कमजोर झालो काय?"

"उतरव मले मेल्या, लोकं पाहून राहिले."

लोक पाहत होतेच. इंदुताई खुर्ची घेऊन बसली होती. दुसऱ्या दिवसापासून तूप बंद झालं, आणि काटा हलला.

निवडीला दहा दिवस राहिले तेव्हा वजन होतं साडेपंचाहत्तर. अर्धा किलो जास्त. क्लबात भैयाजींनी रेनकोट आणून त्याच्या हातात दिला. "घाल. संध्याकाळपर्यंत खतम." मी बाकावर बसून होते. पियूषनं स्वतःचा रेनकोट कधीच पिशवीत आणून ठेवला होता. दादानं रेनकोटची घडी उलगडली. एक बाही हातात धरून बराच वेळ पाहत राहिला. क्लबातली नक्कल कुठून सुरू करायची ते मी मनात ठरवूनही टाकलं.

मग त्यानं घडी परत घातली. "सर, दहा दिवस हायत. होऊन जाते." घरी गेला, दोन अंडी आणि भाकरी खाल्ली, नऊ वाजता झोपला. घोरणं गल्लीपर्यंत येत होतं.

वजनाच्या दिवशी दादा भरला चौऱ्याहत्तर किलो आठशे. पियूष बरोबर पंचाहत्तर. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले, दोन दिवस घोटभर पाणी नाही. दोघांच्या लढतीत दोन फेऱ्या तो बरा खेळला. तिसऱ्या फेरीत त्याचे हात आपोआप खाली यायला लागले, आणि दादा ताज्या दमानं मारत राहिला. पंचांनी हात दादाचा वर केला. भैयाजी शेजारच्यांना सांगत होते, "माझाच चेला हाय." ते खरंही होतं, दोघंही त्यांचेच.

रिंगमधून उतरून, पियूषच्या हातात पाण्याची बाटली देऊन, दादा घामेजलेला माझ्याकडे आला. "आजपासून एक महिना."

आज नववा दिवस आहे. मोठीआई रोज विचारते, "काहून चूप हायस वं?" मी वही घेऊन बसते. नक्कल करायची नाही एवढंच ठरलं होतं. लिहायचं नाही, असं काही तो बोलला नव्हता.